विश्लेषण : लॉगआउट केले, तरी फाइल उघडते कशी?

पासवर्ड विचारला जातो तो संकेतस्थळाच्या दाराशी. त्या दारातून बाहेर पडलेली प्रत मात्र ब्राउझर स्वतःकडे ठेवून घेऊ शकतो. ती ठेवायची की नाही, हे सांगण्याची जबाबदारी संकेतस्थळाची असते आणि अनेकदा ते सांगितलेच जात नाही.

२ एप्रिल २०२० रोजी ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, आपल्या वापरकर्त्यांना एक सूचना दिली. ज्यांनी सार्वजनिक किंवा अनेकांच्या वापरातील संगणकावर फायरफॉक्स ब्राउझरमधून ट्विटर उघडले होते आणि तिथून खात्याचा सगळा डेटा डाउनलोड केला होता, किंवा खासगी संदेशांतून छायाचित्रे वा चित्रफितींची देवाणघेवाण केली होती, त्यांच्या त्या फायली लॉगआउट केल्यानंतरही त्या संगणकात राहिल्या असण्याची शक्यता होती. किती काळ? सात दिवसांपर्यंत.

यात कोणी ट्विटरमध्ये घुसखोरी केली नव्हती. कोणाचा पासवर्ड फुटला नव्हता. क्रोम आणि सफारी वापरणाऱ्यांना तर ही अडचण आलीच नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने नंतर जे स्पष्टीकरण दिले ते साधे होते. या फायली पाठवताना ‘साठवू नका’ अशी स्पष्ट सूचना सोबत नव्हती, आणि सूचना नसेल तर स्वतःच्या अंदाजाने प्रत ठेवण्याची मुभा इंटरनेटच्या नियमांनीच ब्राउझरला दिली आहे. फायरफॉक्सने एक अंदाज बांधला, इतरांनी दुसरा. ट्विटरने आपल्या बाजूने दुरुस्ती केली आणि प्रकरण मिटले.

पण प्रश्न एका कंपनीपुरता नाही. पॅथॉलॉजी लॅबचा अहवाल, महाविद्यालयाची गुणपत्रिका, गृहनिर्माण सोसायटीचा हिशेब, कार्यालयाची पगारपत्रके अशा अनेक फायली आज पासवर्डमागे ठेवलेल्या असतात आणि त्या उघडल्या जातात घरातल्या सामायिक संगणकावर, कार्यालयात किंवा चौकातल्या सेवा केंद्रावर.

कॅशे म्हणजे नेमके काय?

एखादे पान किंवा फाइल उघडली की ब्राउझर तिची एक प्रत फोनच्या किंवा संगणकाच्या साठवणीत ठेवतो. पुढच्या वेळी तीच वस्तू मागितली तर ती पुन्हा इंटरनेटवरून आणण्याऐवजी ही प्रत दाखवली जाते. या साठ्याला कॅशे म्हणतात. पान झटपट उघडते आणि डेटा वाचतो तो त्यामुळेच. कॅशे नसता तर प्रत्येक पानावर त्याच संकेतस्थळाचे तेच बोधचिन्ह दर वेळी नव्याने डाउनलोड करावे लागले असते.

सरकारी कचेरीतल्या अभिलेख कक्षाचे उदाहरण घेता येईल. मूळ दप्तर कुलपात असते, अर्ज आणि ओळख तपासल्याशिवाय ते कोणी दाखवत नाही. पण एकदा नक्कल हाती पडली की ती घरच्या कपाटात राहते. उद्या अभिलेख कक्षाचे कुलूप बदलले, तरी कपाटातली नक्कल जिथल्या तिथेच असते. आणि मूळ दप्तरात नवा फेरफार नोंदवला गेला, तर तो या नकलेवर आपोआप उमटत नाही. कॅशेच्या दोन्ही तक्रारी या उदाहरणात येतात. नको त्याला फाइल दिसते ती पहिली, आणि हव्या त्याला जुनीच फाइल दिसते ती दुसरी.

पासवर्ड असला तरीही?

हो. पासवर्ड तपासतो तो सर्व्हर. ब्राउझरने सर्व्हरला विचारलेच नाही, तर तपासणी होणार कशी?

पासवर्डची सर्वांत जुनी पद्धत ‘बेसिक ऑथेंटिकेशन’ या नावाने ओळखली जाते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ती आहे आणि अनेक छोट्या संस्था आजही ती वापरतात. सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ नावाची फाइल ठेवायची, पासवर्डची यादी दुसऱ्या फाइलमध्ये ठेवायची, की झाले. फोल्डर उघडताना ब्राउझर एक छोटी चौकट दाखवून नाव आणि पासवर्ड विचारतो. या पद्धतीत ‘लॉगआउट’ नावाची गोष्टच नाही. ब्राउझर दिलेला पासवर्ड लक्षात ठेवतो आणि पूर्ण बंद होईपर्यंत प्रत्येक मागणीसोबत स्वतःहून पाठवत राहतो.

ब्राउझर बंद केल्यावर तो पासवर्ड विसरतो, पण कॅशेतली फाइल विसरतोच असे नाही. इथे नियमातली एक तरतूद महत्त्वाची ठरते. फाइल किती काळ ताजी मानायची हे सर्व्हरने सांगितले नसेल, तर ती शेवटची कधी बदलली होती त्यावरून ब्राउझर अंदाज करतो. नियमावलीत यासाठी सुचवलेले प्रमाण आहे १० टक्के. म्हणजे एखादी पीडीएफ ६० दिवसांपूर्वी बदललेली असेल, तर ब्राउझर ती पुढचे सहा दिवस ताजी मानू शकतो. त्या काळात तोच पत्ता पुन्हा उघडला तर सर्व्हरपर्यंत न जाता प्रत थेट पडद्यावर येते. फायरफॉक्सने या अंदाजाला एका आठवड्याची कमाल मर्यादा घातली आहे. ट्विटरच्या सूचनेतले सात दिवस याच मर्यादेशी जुळतात.

गंमत अशी की, तक्रार आल्यावर तंत्रज्ञ सहसा रिफ्रेशचे बटण दाबून पाहतो. रिफ्रेश केल्यावर ब्राउझर सर्व्हरला पुन्हा विचारतो, पासवर्डची चौकट येते आणि ‘सगळे बरोबर चालले आहे’ असा निष्कर्ष निघतो. तक्रार करणाऱ्याने रिफ्रेश केलेले नसते, त्याने फक्त जुनी लिंक उघडलेली असते.

दुसऱ्या तक्रारीचे कारणही हेच. शिक्षकाने सुधारित वेळापत्रक त्याच नावाने चढवलेले असते, पण विद्यार्थ्यांच्या फोनवर आदल्या आठवड्याचे दिसत राहते. यावर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे फाइलचे नावच बदलणे. तो चालतो, कारण ब्राउझरच्या दृष्टीने पत्ता बदलला की वस्तूही नवी. फाइल गुप्त ठेवण्यासाठी मात्र त्याचा उपयोग नाही.

‘नो-कॅशे’चा अर्थ ‘साठवू नका’ असा नाही

सर्व्हरने फाइलसोबत पाठवायच्या सूचनेला ‘कॅशे-कंट्रोल’ म्हणतात. ती वापरकर्त्याला दिसत नाही. ती केवळ ब्राउझरसाठी आणि वाटेतल्या यंत्रांसाठी असते. तिच्यात वापरायचे शब्द थोडेच आहेत, पण त्यांची नावे ठेवणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांवर अन्याय केला असे म्हणावे लागते.

‘नो-कॅशे’ वाचल्यावर कोणालाही वाटेल की कॅशेत ठेवू नका. प्रत्यक्ष अर्थ वेगळा आहे. प्रत ठेवा, पण सर्व्हरला विचारल्याशिवाय वापरू नका. साठवूच नका, यासाठीचा शब्द आहे ‘नो-स्टोअर’. तिसरा शब्द ‘प्रायव्हेट’. त्याचा अर्थ असा की, ही प्रत फक्त वापरकर्त्याच्या स्वतःच्या ब्राउझरने ठेवावी, वाटेतल्या सामायिक कॅशेने ठेवू नये. फाइल खासगी आहे म्हणून कोणी भाबडेपणाने फक्त ‘प्रायव्हेट’ लिहिले, तर वापरकर्त्याच्या संगणकावर प्रत बिनदिक्कत राहते. तो संगणक सेवा केंद्राचा असला तरी ब्राउझरला त्यातला फरक कळत नाही.

मग सगळ्यांनाच ‘नो-स्टोअर’ का लावत नाहीत?

याला दोन कारणे आहेत. पहिले खर्चाचे. वर्गणीदारांसाठीचे पाच एमबीचे मासिक प्रत्येक वेळी नव्याने डाउनलोड करायला लावले, तर सर्व्हरवर ताण येतो आणि वाचकाचा डेटाही जातो. अशा फायलींसाठी ‘प्रायव्हेट’ आणि ‘नो-कॅशे’ ही जोडी योग्य ठरते. ब्राउझर प्रत ठेवतो, उघडताना सर्व्हरला विचारतो, सर्व्हर आधी लॉगइन तपासतो आणि फाइल बदललेली नसेल तर ‘३०४’ एवढेच उत्तर पाठवतो. पाच एमबीऐवजी काहीशे बाइट्समध्ये काम होते, आणि लॉगआउट झालेल्याला फाइलऐवजी लॉगइनचे पान दिसते. यात प्रत डिस्कवर असतेच, त्यामुळे जाणकार माणूस ती शोधून काढू शकतो. म्हणून मासिकाला जे चालते ते वैद्यकीय अहवालाला चालत नाही.

दुसरे कारण इतिहासात आहे आणि ते अधिक चमत्कारिक आहे. इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत एक दोष होता. सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएस जोडणीवरून वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफ फाइल ‘साठवू नका’ अशा सूचनेसह पाठवली, तर ती उघडतच नसे. ब्राउझर फाइल आधी तात्पुरत्या जागेत उतरवून मग वर्डच्या हवाली करत असे. पण साठवायला मनाई आहे म्हटल्यावर तो ती प्रत आधीच पुसून टाकी. वर्ड शोधायला जाई तेव्हा तिथे काहीच नसे. वापरकर्त्याला मात्र ‘फाइल डाउनलोड करता येत नाही’ एवढाच संदेश दिसे.

त्या काळी कचेऱ्यांतल्या बहुतेक संगणकांवर हाच ब्राउझर होता. साहजिकच संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी सोपा मार्ग धरला, तो म्हणजे सूचनाच काढून टाकण्याचा. काहींनी त्या जागी ‘प्रॅग्मा : पब्लिक’ असा शब्दप्रयोग घातला. त्याला नियमावलीत काही अर्थच नव्हता, पण तो लिहिल्यावर फाइल उघडे. नवव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने हा दोष दूर केला. इंटरनेट एक्स्प्लोररही २०२२ मध्ये निवृत्त झाला. पण प्रोग्रामर एकमेकांचे कोड उचलतात आणि उचललेल्या ओळी का लिहिल्या होत्या हे क्वचितच कोणी विचारते. मेलेल्या ब्राउझरसाठी केलेली तडजोड त्यामुळे जुन्या संकेतस्थळांच्या कोडमध्ये अजून सापडते.

पान सुरक्षित, फाइल वाऱ्यावर

अनेक संकेतस्थळे पीएचपी या भाषेत लिहिलेली असतात. लॉगइनसाठी तिची नेहमीची सोय वापरली की पीएचपी स्वतःहून ‘नो-स्टोअर’ची सूचना पाठवते. सोबत या पानाची मुदत १९ नोव्हेंबर १९८१ रोजीच संपली असेही सांगते. तारीख मुद्दाम भूतकाळातली घेतलेली आहे. ती पीएचपीवर काम करणाऱ्या एका प्रोग्रामरची जन्मतारीख असल्याचे सांगितले जाते.

पण ही सूचना जाते ती पीएचपीने तयार केलेल्या पानासोबत. त्या पानावर ‘अहवाल डाउनलोड करा’ अशी लिंक असते आणि ती पीडीएफ मात्र वेब सर्व्हर फोल्डरमधून थेट उचलून देतो. पीएचपीचा तिच्याशी संबंध येत नाही, म्हणून सूचनाही जात नाही. पान साठवले जात नाही, फाइल साठवली जाते. त्याहून वाईट म्हणजे, अशा रचनेत पुष्कळदा फाइलला पासवर्डच नसतो. लॉगइन फक्त लिंक दाखवण्यापुरते असते. पत्ता माहीत असलेला कोणीही ती उघडू शकतो. ही कॅशेची चूक नव्हे, पण ती सापडते बहुधा कॅशेची तक्रार तपासतानाच. अशी फाइल जाहीर फोल्डरमध्ये न ठेवता, लॉगइन तपासून प्रोग्रामनेच ती वाचून द्यावी, हा त्यावरचा उपाय आहे. तो वर्षानुवर्षे माहीत असलेला आहे, पण त्यात काम थोडे वाढते.

वाटेतला कॅशे अधिक घातक

ब्राउझरचा कॅशे निदान एका संगणकापुरता असतो. मोठी संकेतस्थळे मात्र आपल्या आणि वापरकर्त्याच्या मध्ये आणखी एक साठा उभा करतात. जगभर पसरलेले हे सर्व्हर एकदा आणलेली वस्तू हजारोंना वाटतात. तिथे चूक झाली तर एकाचे पान दुसऱ्याला दिसते.

२५ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या दुकानात नेमके हे घडले. सेवा बंद पाडण्याच्या उद्देशाने हल्ला झाला होता. तो झेलण्यासाठी कॅशेचे नियम घाईने बदलले गेले आणि त्यात चूक झाली. सुमारे दीड तास काही ग्राहकांना दुसऱ्याच कोणाची तरी पाने दिसत होती. त्यात पत्ता, ईमेल, खरेदीचा इतिहास, कार्डाचे शेवटचे दोन अंक असा तपशील होता. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने फटका बसलेल्यांची संख्या सुमारे ३४ हजार सांगितली.

अशा साठ्यांना आवर घालणारा नियम आहे. मागणीसोबत ‘ऑथरायझेशन’ ही नोंद असेल, तर विशेष परवानगीशिवाय सामायिक कॅशेने ते उत्तर इतरांना देऊ नये. जुनी ‘बेसिक’ पद्धत ही नोंद पाठवते, म्हणून ती या बाबतीत सुरक्षित ठरते. आजची बहुतेक संकेतस्थळे मात्र कुकी वापरतात आणि कुकीला हा नियम लागू नाही. जुनी, गैरसोयीची पद्धत इथे नव्या पद्धतीहून सरस ठरते, हे थोडे विचित्रच. त्यातच काही सेवा पत्त्याच्या शेवटी ‘पीडीएफ’सारखी अक्षरे दिसली की फाइल सर्वांसाठीची आहे असे गृहीत धरतात. २०१७ मध्ये ओमेर गिल या इस्रायली संशोधकाने पेपॅलच्या संकेतस्थळावर या गृहीतकाचा गैरवापर करून दाखवला. खात्याच्या पानाच्या पत्त्यापुढे बनावट फाइलचे नाव जोडले की ते पान सामायिक कॅशेत जाऊन बसे.

एचटीटीपीएसचे कुलूप मग कशासाठी?

ते प्रवासासाठी असते. वाटेत कोणी फाइल वाचू नये, एवढे काम ते करते. ब्राउझरमध्ये पोहोचताच फाइल उलगडली जाते आणि साठवली जाते ती उलगडलेल्या रूपात. सुरक्षित जोडणीवरून आलेली वस्तू डिस्कवर न ठेवण्याची रीत काही ब्राउझरमध्ये पूर्वी होती. फायरफॉक्सने २०११ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती सोडली. तोवर काही संकेतस्थळे एचटीटीपीएसकडे वळू लागली होती आणि काहीच न साठवणे परवडणारे नव्हते.

ई-आधारची गोष्ट वेगळी आहे. तिथे पासवर्ड संकेतस्थळाच्या दारापुरता नसून फाइललाच लावलेला असतो. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा तो आठ अक्षरी पासवर्ड ओळखीच्या माणसाला सहज ताडता येतो, ही त्यातली उणीव. पण प्रत कॅशेत राहो, डाउनलोड्समध्ये राहो की कोणाच्या पेनड्राइव्हवर जावो, कुलूप तिच्यासोबतच जाते. अनेक बँका खातेउतारे याच पद्धतीने ईमेल करतात.

लॉगआउटच्या वेळी ब्राउझरला ‘आमच्या संकेतस्थळाचे सगळे पुसून टाक’ असे सांगणारी ‘क्लिअर-साइट-डेटा’ नावाची सूचनाही आता उपलब्ध आहे. मात्र सर्व ब्राउझर तिचे सारखेच पालन करत नाहीत. मागे जाण्याचे बटण हा आणखी एक फाटा आहे. ते दाबल्यावर दिसणारे पान कधी कधी कॅशेतले नसते, स्मृतीत गोठवून ठेवलेले अख्खे पान असते आणि त्याला ताजेपणाचे नेहमीचे नियम लागू होत नाहीत. लॉगआउटनंतर ब्राउझरची खिडकी बंद करा, अशी सूचना अनेक संकेतस्थळे देतात त्याचे हेही एक कारण आहे.

जबाबदारी कोणाची?

तांत्रिकदृष्ट्या संकेतस्थळाची. ब्राउझरने काय साठवावे हे सांगण्याचे साधन त्याच्याच हाती आहे. देशाच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात कॅशे हा शब्द नाही, पण वैयक्तिक माहिती जपण्यासाठी वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रुग्णाचा अहवाल पाठवताना एक ओळीची सूचना न जोडणे ‘वाजवी’ ठरेल का, याचा विचार लॅबनी आणि त्यांची संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी आधीच केलेला बरा.

संकेतस्थळ ही सूचना पाठवते की नाही, हे कोणालाही तपासता येते. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ दाबावे, ‘नेटवर्क’ हा विभाग निवडावा, मग फाइल उघडावी आणि यादीत तिच्या नावावर क्लिक करावे. उत्तराच्या नोंदींत ‘कॅशे-कंट्रोल’ शोधावे. तिथे ‘नो-स्टोअर’ असेल तर ठीक. ओळच नसेल, तर त्या संस्थेला कळवायला हरकत नाही.

स्वतःचा फोन फक्त स्वतःच वापरणाऱ्याने यातल्या ब्राउझर कॅशेची फार चिंता करण्याचे कारण नाही. फोन विकताना तो पूर्ण रीसेट करावा, एवढे पुरे. सेवा केंद्रावर किंवा दुसऱ्याच्या संगणकावर मात्र इनकॉग्निटो खिडकी उघडायला सांगावी आणि काम झाल्यावर अशा सर्व खिडक्या बंद कराव्यात. त्यातला कॅशे तेव्हा टाकून दिला जातो. साध्या खिडकीत काम झाले असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकत्र दाबल्यावर ब्राउझिंग डेटा पुसण्याचा पर्याय येतो. डाउनलोड केलेली फाइल इनकॉग्निटोतही पुसली जात नाही. ती डाउनलोड्स फोल्डरमधून आणि नंतर रीसायकल बिनमधून वेगळी काढावी लागते. आणि प्रिंटसाठी ती झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल, तर ‘सर्वांसाठी डिलीट करा’ म्हटल्यावरही त्याने आधीच संगणकावर उतरवलेली प्रत तशीच राहते. ती त्याच्याकडूनच पुसून घ्यावी लागते.